पूल पडल्याच्या नोंदीबाबत

विषय : ‘व्यत्यय’ या दूरचित्रवाणी नाट्याची टेप एकवार पाहावयास मिळणेबाबत, तसेच ती येत्या शुक्रवारी पुसली न जाणेबाबत. संदर्भ : माझे अर्ज क्रमांक एक ते सात, आणि त्यांना आपल्या टेप लायब्ररीकडून आलेली सात उत्तरे, मजकूर एकच. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून — नाही नाही, बसा तुम्ही, मॅडम, उठू नका, मी उभ्यानेच वाचतो, चौतीस वर्षं साहेबांपुढे उभ्यानेच वाचलंय. हो, कागद तुमच्या पुढ्यात आहे आणि तुम्हाला वाचता येतं, मान्य. पण कागद वाचला जातो यावर माझा विश्वास नाही. मी कागदाच्याच खात्यात होतो, याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर — आवक-जावक. आलेला कागद कुठे जातो ते बघणारा माणूस. कुठे जातो? ट्रेमध्ये जातो. एवढंच मला चौतीस वर्षांत कळलं. उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. अकराची वेळ दिली होतीत, साडेअकरा झाले. पुलावर काम चाललंय ना, महिनाभर एकच बाजू चालू आहे, बस पाऊण तास पुलावर उभी. आमची ही म्हणाली, चालत निघालो असतो तर आत्तापर्यंत घरी परत गेलो असतो. ही? बाहेर आहे, बाकावर, पंख्याखाली. तिला सांगितलंय की मी जिवंत असल्याचा दाखला द्यायला आलोय. अगदी खोटं नाही, तोही द्यायचाय, खालच्या मजल्यावर — पण आधी हे. दार जरा लोटता का? तिचे कान फार चांगले आहेत.

तर सात उत्तरं. ‘सदर नावाची टेप नाट्य विभागात आढळून येत नाही.’ आढळून येत नाही! काय शब्द आहे — नाही असंही म्हणत नाही, शोधली असंही म्हणत नाही. मीच असे शब्द वापरायचो, म्हणून ओळखतो. काय? टेप सापडतच नाही तर शुक्रवारी ती पुसणार कशी? हा प्रश्न चांगला आहे. फार चांगला आहे. त्याच्याकडे मी मागाहून येतो. खालच्या फलकावर नोटीस वाचली, ‘पडताळणी न झालेल्या टेपा शुक्रवारी पुसण्यात येतील’, आणि तिथूनच सरळ तुमची वेळ मागितली, एवढंच आत्ता लक्षात ठेवा.

‘व्यत्यय’ तुम्ही पाहिलेलं नसणार. तुमचा जन्मही झाला नसेल. पण ज्यांचा झाला होता त्यांनीही पाहिलेलं नाही, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. बेचाळीस वर्षं झाली. बावन्न मिनिटांचं थरारनाट्य, पण नाट्यासारखं नाही — बातम्यांसारखं. म्हणजे नेहमीचं टेबल, नेहमीचा पडदा, नेहमीचे बातमीवाले, आणि ते सांगतायत की आपल्याच शहरातल्या पुलाखाली कुणी स्फोटकं लावलीयत, धमकीचा फोन आलाय, पूल भरलेला आहे, प्रतिनिधी घटनास्थळी आहेत, पुढची माहिती येत आहे. सगळं आत्ता, तुमच्या डोळ्यांपुढे घडतंय असं. आणि गंमत अशी, की फोन करणारा माणूस म्हणजे त्याच पुलाचा तपासनीस. अकरा अहवाल दिलेत बिचाऱ्याने — पूल कमकुवत आहे, खालचे टेकू गंजलेत. अकराही ट्रेमध्ये. म्हणून बाराव्या वेळी त्याने अहवाल लिहिलाच नाही, सरळ धमकी दिली, कारण धमकी लगेच वाचतात. स्फोटकं-बिफोटकं काही नसतात, मॅडम! तो फक्त पूल रिकामा करून घेतोय. आणि शेवटच्या मिनिटाला हे सगळ्यांना कळतं, सगळे हसतात, माणसं परत पुलावर चढायला लागतात — आणि पूल पडतो. आपला आपण. अंगावर काटा आला की नाही? आला ना! मला अजून येतो, आणि ही कल्पना माझीच होती. म्हणजे लेखकमहाशय एकदा आवक विभागात त्यांचं पत्र हरवलंय म्हणून भांडायला आले होते, तेव्हा मी त्यांना ट्रे दाखवला. बाकी त्यांनी लिहिलं.

दिग्दर्शक आमचे दाढीवाले. त्यांना स्टुडिओ मिळाला गुरुवारचा, तीन तास, त्यात बावन्न मिनिटं एका दमात घ्यायची, पुन्हा घेणं नाही. बातमीवाले खरेच बातमीवाले होते, नट नव्हे. सही-शिक्क्याशिवाय ते कुठलाही कागद वाचत नसत, म्हणून संहितेच्या प्रत्येक पानावर सही-शिक्का मारून दिला, तेव्हा ते बसले. आणि चेहरा! माणसाचा एकच चेहरा होता. भाज्यांचे भाव, मंत्रिमंडळ, भूकंप — सगळ्याला तोच. दाढीवाले म्हणाले, हाच चेहरा पाहिजे, याच्यासारखा अभिनय जन्मात कुणाला जमायचा नाही. पूल आमच्या सुतारमामांनी केला होता, पुठ्ठा आणि काड्यापेटीच्या काड्या, पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या घमेल्यावर. दोरी ओढली की पडायचा. मामांना सर्दी. एक्कावन्नाव्या मिनिटाला मामा शिंकले. पूल पडला! अजून माणसं पुलावर परत चढायचीयत, अजून सगळ्यांचं हसणं चाललंय, आणि इकडे पूल घमेल्यात. दाढीवाल्यांनी दाढी धरली. आणि आमचे बातमीवाले — भुवई हलली नाही हो! — समोरचं सही-शिक्क्याचं पान बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “आत्ताच हाती आलेलं वृत्त असं, की पूल पडला आहे. जीवितहानीबाबत माहिती येत आहे.” माणसाने आयुष्यात एकदाच बिनसहीचं वाक्य उच्चारलं, आणि तेच सगळ्या नाट्यातलं सर्वांत भारी वाक्य!

आता प्रक्षेपण रविवारी संध्याकाळी साडेपाचला. वरच्या मजल्यावर घबराट. लोक खरं मानतील, रस्त्यावर येतील, चेंगराचेंगरी होईल! परिपत्रक निघालं. टेपेवर नाही, पण प्रक्षेपणात दर दहा मिनिटांनी वरून पाटी दाखवायची — ‘हा कार्यक्रम काल्पनिक आहे.’ फोनवर दोन जादा मुली बसवल्या. अग्निशामक दलाला कळवलं. रविवारचा दिवस, आम्ही सगळे कार्यालयात हजर. पाच एकतीस. पडद्यावर अक्षरं आली — ‘व्यत्यय’. आणि सगळ्या शहराला वाटलं, नेहमीप्रमाणे यंत्र बिघडलं. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा बिघडायचं. सगळं शहर उठून चहा टाकायला गेलं. काही लोक चहा घेऊन परत आले, त्यांना बातम्या चाललेल्या दिसल्या, त्यांनी बंद केलं. त्या दिवशी किती फोन आले सांगू? एक. एका गृहस्थांचा. गाण्यांचा कार्यक्रम लागणार आहे का, की आम्ही झोपावं, असं विचारत होते. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा या वेळात, नोंदीप्रमाणे, आमच्या शहरातला पूल पडला आणि शहर चहा पीत होतं. अग्निशामक दलाने दुसऱ्या दिवशी पत्र पाठवून आमचा वेळ का घेतलात म्हणून विचारलं. ते पत्र मीच आवक केलं.

एकाही माणसाने खरं मानलं नाही. म्हणजे — एकाने मानलं. त्याच्यावरच तर सगळं आहे.

घड्याळजी होते एक, पुलापलीकडे त्यांचं दुकान. रविवारीही दुकान उघडं, समोर छोटा टीव्ही, डोळ्यात ते भिंग खुपसलेलं. ते बघत होते, कारण त्यांची मुलगी आमच्याकडे टंकलेखिका होती, आणि घरी सांगून गेली होती की आज आम्हाला कामावर जावं लागतंय, काहीतरी आहे. आता ती पडद्यावर कशी आली ते ऐका. पुलाजवळच्या प्रत्यक्षदर्शी बाईचं काम एका नटीला दिलं होतं. गुरुवारी नटी आलीच नाही. दाढीवाले थयथयाट करतायत, सत्ताविसावं मिनिट आलं, प्रत्यक्षदर्शी पाहिजे, आणि त्याच वेळी ही कसल्यातरी सहीसाठी खाली स्टुडिओत आली. दाढीवाल्यांनी दंडाला धरून तिला सरळ कॅमेऱ्यासमोर उभं केलं, कानात सांगितलं, पूल पडणार आहे, तुमचं माणूस पुलावर आहे, बोला. प्रतिनिधीने ध्वनिक्षेपक पुढे केला — “बाई, आपलं कुणी पुलावर आहे का?” आणि ही — घाबरट मुलगी हो, साहेबांनी हाक मारली तरी पेन्सिल पडायची — ही म्हणाली, “माझे होणारे यजमान आहेत. सायकलवरून येतात. निळा स्वेटर आहे. आवक-जावकला असतात.”

निळा स्वेटर मी घातला होता. आवक-जावकला मी होतो. मी तिथेच उभा होतो, दिव्याच्या खांबाला टेकून. माझ्या कानांनी ऐकलंय.

ती म्हणते, असं काही मी बोललेच नाही. एकेचाळीस वर्षं म्हणतेय! तिचं म्हणणं, मी एवढंच म्हणाले की पुलावर आमच्या ऑफिसातले एक कारकून आहेत, बाकीचं तुम्ही आणि बाबांनी मिळून रचलंत. तुमचे कान लाल झाले होते, लाल कानांना काही ऐकू येत नसतं. आणि बाबांच्या एका डोळ्यात भिंग होतं, त्यांना सगळं मोठंच दिसायचं. आता बोला! पुन्हा दाखवायचं म्हटलं तर त्या काळी घरी रेकॉर्डर कुणाकडे? सासरे पंधरा वर्षांपूर्वी गेले. सुतारमामा गेले. बातमीवाले आहेत, पण ते म्हणतात, लेखी द्या, वाचतो. साक्षीदार उरली ती एक टेप.

नाही, हसताय तुम्ही, पण वाद फुकटचा नाही. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नियम ठरला — जो मागे लागला त्याने रोज सकाळी उठून पहिला चहा करायचा. मी म्हटलं, शहरासमोर कुणी जाहीर केलं? तू. ती म्हणाली, पुरावा? पुरावा आणा, तोपर्यंत चहा तुमच्याकडे. एकेचाळीस वर्षं मॅडम, पाऊण तास आधी उठतोय! मुलगा तिच्या बाजूचा, सून माझ्या बाजूची, नात म्हणते दोघंही खोटं बोलता. येत्या रविवारी सगळे जमणार आहेत, आणि नातीने सगळ्यांसमोर निकाल लावायचं ठरवलंय. पुराव्याअभावी माझं काही खरं नाही.

सासरे ना, हो, ते राहिलंच. सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी घड्याळजी आवक विभागात हजर. दहा-पाच, कारण त्यांच्या हिशेबाने सरकारी कार्यालय दहा-पाचला उघडतं. त्यांनी आधी मला खालून वर पाहिलं. मी म्हटलं, पत्र आहे का काही? ते म्हणाले, “ओले झालेले दिसत नाही.” मी म्हटलं, काय? “पुलावर होतात ना काल?” मी म्हटलं, नाही हो, काका, ते नाट्य होतं, पूल जागेवर आहे, तुम्ही त्याच्यावरूनच आलात. ते म्हणाले, “पुलाचं मला माहीत आहे. पूल पडलेला नाही हे मी काल खिडकीतून पाहिलं. मी दुसऱ्या गोष्टीबद्दल आलोय. पुलाचं खोटं असेल, माझी मुलगी खोटं बोलत नाही.” — सगळ्या शहरात एकाच माणसाने तो कार्यक्रम खरा मानला, आणि तोही निम्माच! नेमका मधला! मी काय बोलणार? नाही म्हणावं तर मुलगी खोटारडी ठरते. हो म्हणावं तर मुलीला मी आजवर ‘हे टाइप झालं का’ याच्यापलीकडे अवाक्षर बोललेलो नाही. मी म्हटलं, बसा, चहा मागवतो. तो माझा पहिला चहा.

त्यामुळे मागे मी लागलो नाही, सिद्ध होतं की नाही? नटी आली असती तर मी आज कुणाचा कोण! ती का आली नाही? ते — तिला पत्र मिळालं नाही. बोलावण्याचं पत्र. गेलंच नव्हतं. म्हणजे निघालं होतं, सही झाली होती, जावकला आलं होतं… माझ्या ट्रेमध्ये होतं. तसं सगळ्यांचंच होतं हो, जावकाचा ट्रे म्हणजे काय असतो! नाही, विसरलो नव्हतो. ठेवलं होतं. एक दिवस जास्त. हिने टाइप केलेलं प्रत्येक पत्र मी एक दिवस जास्त ठेवून घ्यायचो. का म्हणजे — वाचायला. मजकूर नव्हे, मजकुरात काय असतं, ‘आपणास कळविण्यात येते की’. तिच्या यंत्रातला ‘र’ ओळीच्या जरा वर उडायचा. जिथे ‘र’ आला तिथे ओळ उडी मारायची. ‘आवश्यकतेनुसार’, ‘करारपत्र’ — करारपत्रात दोनदा! नटीच्या पत्रात सहा ‘र’ होते, ते मी दोन दिवस ठेवलं. बुधवारी पाठवलं. गुरुवारी ते टपालात होतं.

हे तुम्ही लिहून घेत नाही आहात ना? ही गोष्ट हिला माहीत नाही. एकेचाळीस वर्षांत बोललो नाही, आणि तुमच्यापुढे — असो. हे चहाच्या वादात मोजायचं नसतं. ट्रेमधली गोष्ट ट्रेमध्ये.

हो, हो, तोच प्रश्न. नाट्य विभागात नाही तर मग कुठे. येतो, त्याच्याकडेच येतोय. ती नाट्यात सापडणारच नाही, मॅडम, सात काय सत्तर अर्ज केले तरी सापडणार नाही, कारण ती मी तिथून — थांबा. थांबा, पाणी घेतो जरा.

बरं, सांगतो. जिभेवर माझा ताबा नाही, पहिल्यापासून सगळं लेखी करत आलो त्याचा हा परिणाम. लग्नानंतर चार वर्षांनी माझी आठ महिने बदली झाली टेप लायब्ररीत. इथेच. तुमच्या खुर्चीत नव्हे, त्या कपाटाशेजारी. टेपा तेव्हा सोन्यासारख्या जपायच्या, म्हणजे पुसून पुन्हा वापरायच्या. नाट्य तीन वर्षं, मग पुसा. वृत्त मात्र कायम. का कायम? कारण जे घडलं ते पुसता येत नाही, असं नियमात आहे. एक दिवस पुसायची यादी आली, अनुक्रमांक चोवीस, ‘शिवणकामाचे धडे, भाग नऊ’ आणि ‘चतुर ससा’ यांच्या मध्ये — ‘व्यत्यय’. मी म्हटलं, पुसली तर चहा जन्माचा माझ्या गळ्यात. चहाच हो, दुसरं काय. घरी हिचे फोटो आहेत की, भरपूर आहेत. पण फोटोत ती गप्प आहे. आमची ही, गप्प! तो फोटो तिचा आहे हे कुणी ओळखायचं? चोवीस वर्षांची ही बोलतेय, हात हलवतेय, घाबरून उजवा डोळा मिचकावतेय, असं जगात एकाच ठिकाणी आहे, आणि ते पुसून वर कुणीतरी काज कसं घालायचं ते भरणार होतं.

तर मी ‘नाट्य’ खोडलं. तांबड्या शाईने ‘वृत्त’ लिहिलं. खोडलं तिथे आद्याक्षरी केली, नियमाप्रमाणे. मग वृत्ताचे रकाने भरावे लागले, कोरा रकाना ठेवणं माझ्या स्वभावात नाही. घटना — ‘पूल पडला.’ स्थळ — ‘पूल.’ जीवितहानी — आता इथे माझा हात थांबला. शून्य लिहावं तर मनाला पटेना, इतका मोठा पूल. आकडा लिहावा तर माणसं मारल्याचं पाप. मग मी बातमीवाल्यांचं वाक्य लिहिलं. ‘माहिती येत आहे.’

सदतीस वर्षं माहिती येत आहे, मॅडम! कायदेशीर नोंदीप्रमाणे ज्या पुलावर आमची बस आज पाऊण तास उभी होती तो पूल पडलेला आहे. आणि आता तुम्ही नोंदी तपासायला घेतल्यात, त्याची काय पडताळणी होणार? म्हणून शुक्रवार. म्हणून ही अकराची वेळ. आता उघड सांगावं की ते नाट्य आहे, तर नाट्याची मुदत संपून एकोणचाळीस वर्षं झाली, पुसा. सांगू नये, तर घटना खोटी, पुसा. दोन्हीकडून माझ्या बायकोवर पाणी. म्हणून नाट्याच्या नावाने अर्ज करत बसलो, की कधीतरी कुणीतरी वैतागून सगळी कपाटं उघडेल —

काय म्हणालात? कुठला कागद? तिच्या हातातला? मॅडम, तिच्या हातात कागद होता हे मी अजून सांगितलेलंच नाही.

तुम्ही पाहिलीत! टेप पाहिलीत तुम्ही! कधी? आणि मी इथे तासभर मूर्खासारखा — खरं म्हणजे अर्धा तास, पण तरी! आणि तुम्ही हे सगळं गप्प बसून ऐकून घेतलंत? खरं वाटलं? सगळं? पूल पडला असं? दोन आठवडे तुम्ही मृतांची यादी शोधत होतात? अरे देवा. रडलात? बाई, माफ करा, मला हसू आवरत नाहीये — दाढीवाले हवे होते हो आज, त्यांनी तुमचा सत्कार केला असता! बेचाळीस वर्षांनी एक प्रेक्षक पूर्ण घाबरला, आणि तोही अधिकृत! आणि तो कागद कसला माहीत आहे? ती ज्याच्यावर सही घ्यायला खाली आली होती तो. तीन प्रतींत. ‘हा कार्यक्रम काल्पनिक आहे.’ हातात धरून उभी आहे ती, सबंध वेळ, छातीशी, उलटा! तिने मनगट जरा फिरवलं असतं तर तुमचे दोन आठवडे वाचले असते.

आणि मग तुम्ही पूल विभागाला पत्र लिहिलंत? ‘सदर पूल पडल्याची तारीख कळवावी’? काय उत्तर आलं? ‘पूल जागेवर आढळून येतो.’ — आढळून येतो! बघा, बघा, माझ्याच शाळेतले आहेत! आणि? पण तुमच्या पत्राची गंभीर दखल घेऊन खबरदारी म्हणून… खालून तपासला… दोन टेकू…

गंजलेले होते?

म्हणजे आमची बस पाऊण तास उभी होती ती — मॅडम, तो बारावा अहवाल होता! त्या तपासनीसाचा! तुम्ही पाठवलात तो! बेचाळीस वर्षांनी पोचला, आणि वाचला गेला! मी लेखकमहाशयांना कळवलं असतं, पण ते पत्ता न ठेवता गेले. नाही, मी खाली बसतो जरा. आता खुर्ची घेतो. चौतीस वर्षांत पहिल्यांदा कागदाचं काहीतरी झालेलं पाहतोय, पायांना सवय नाही.

तर मग तुम्हाला माहीत आहे. ती काय बोलली ते. तुम्ही ऐकलंय. दोन-तीनदा? सात वेळा! सांगा मग — नाही, थांबा. नका सांगू. एक शब्द सांगू नका. मी जिंकलो तर उद्यापासून सकाळी पाऊण तास मी काय करू? आणि हरलो तर… नको. बोलल्याचं राहू द्या. एवढंच सांगा, बोलताना ती कॅमेऱ्याकडे बघते का?

नाही बघत.

कुठे बघते?

उजवीकडे. सबंध वेळ?

उजवीकडे दिव्याचा खांब होता.

बरं. ठीक आहे. डोळ्यांत काही नाही, तुमच्या कपाटांना फार धूळ आहे, आमच्या वेळेला आठवड्यातून एकदा पुसायचे. कपाटं म्हणतोय मी. तर आता काम. टेप पुसायची नाही, यावर तुमचं-माझं एकमत दिसतंय, पण तुमचे हात बांधलेले, असं म्हणताय. वृत्तात खोटी, नाट्यात मुदतबाह्य. बरोबर. मग नियमपुस्तिका उघडा. हिरवी. मागून तिसरं पान. मी तोंडपाठ सांगतो — ‘ज्या वस्तूबाबत अर्ज प्रलंबित आहे, ती वस्तू अर्जाचा अंतिम निर्णय होईपर्यंत नष्ट करता येणार नाही.’ आहे ना? तेच वाक्य? आजचा हा कागद मी परत घेतो; माझे आधीचे सात अर्जही नाट्याच्याच नावाने होते, ते उपयोगाचे नाहीत, शिवाय तुम्ही ते निकाली काढलेत, हा तुमच्या कार्यालयाचा आगाऊपणा. एक कोरा कागद द्या. आणि तिचा वृत्तक्रमांक सांगा. विषय : वृत्तटेपेच्या वर्गीकरणाची दुरुस्ती होणेबाबत. कोणती दुरुस्ती, ते मी जरा संदिग्ध ठेवलंय — चौकशी करायला तुम्हाला पत्रं पाठवावी लागतील, उत्तरं यावी लागतील, बातमीवाल्यांचा लेखी जबाब घ्यावा लागेल, आणि ते सही-शिक्क्याशिवाय बोलत नाहीत. घाई करू नका. मुळीच करू नका. ट्रेमध्ये ठेवा. तळाशी. मी ट्रेबद्दल जे काही वाईट बोललो असेन ते मागे घेतो.

पाहायला? पुढच्या महिन्यात मिळेल? दोघांना? तिला मी काय सांगून आणू, पुन्हा जिवंत असल्याचा दाखला? बघतो. रविवारी नातीला सांगेन, पुरावा शासनाच्या ताब्यात आहे. चहा तोपर्यंत माझ्याकडे. चालतंय हो, सवय आहे —

शू. चपलांचा आवाज. तीच आहे, डावा पाय जरा घासते. मॅडम, आपण दाखल्याबद्दल बोलत होतो. हसू नका. तोंड पुसा. ये गं, ये, झालं, झालंच माझं, या मॅडम फार नियमाच्या आहेत, सतरा कागद मागतात. नाही, जिवंत आहे असं अजून मान्य नाही केलं यांनी. चल, बस चुकेल. पोच तेवढी द्या, मॅडम, पोचेशिवाय मी हलत नाही, तिला माहीत आहे. हं. आवक शिक्का, आजची तारीख, अर्ज क्रमांक आठ. निर्णयाचा रकाना — नाही, कोरा नको. लिहा. प्रलंबित.